किल्ला बांधला, चित्रे मांडली. पण डाव कोण खेळणार?

१/
महाराष्ट्रातील मुले दर दिवाळीत एक युद्धभूमी उभारतात आणि तिच्यावर एकही लढाई खेळत नाहीत. तट असतो, बुरूज असतात, तोफा असतात, भालाईत मावळे असतात. नसतो तो डाव. जगाच्या दुसऱ्या टोकाला याच आकाराच्या रंगवलेल्या बाहुल्या घेऊन प्रौढ माणसे तासन्‌तास लढाया खेळतात, हरतात आणि पुन्हा पट मांडतात. या दोन परंपरांची गाठ घालून दिली पाहिजे, असा या धाग्याचा आग्रह आहे. मातीच्या मावळ्याला हलण्याचा, आणि प्रसंगी हरण्याचा, हक्क मिळाला पाहिजे.

२/
आंबेगाव तालुक्यातील निरगुडसर हे घोड आणि मीना या नद्यांच्या खोऱ्यातले गाव. शिवनेरी एका दिवसात पाहून परतता येईल इतका जवळ. अशा गावांत दिवाळीचा किल्ला विकत आणावा लागत नाही. दगड-विटांचा ढीग रचायचा, त्यावर ओले गोणपाट अंथरायचे, चिखलाचा लेप द्यायचा, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरायची. चार-पाच दिवसांत हिरवळ उगवते. पायथ्याशी आरशाच्या तुकड्याचे तळे, विहीर, बाजार. मग येतात ती चित्रे. पुण्याकडे किल्ल्यावर मांडायच्या मातीच्या मूर्तींना ‘चित्रे’ असेच म्हणतात, आणि हा शब्द फार नेमका आहे, हे पुढे दिसेल.

३/
या खोऱ्यात मातीच्या लहान आकृत्यांची परंपरा इतिहासपूर्व काळाइतकी जुनी आहे. हीच घोड नदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावपाशी पोहोचते. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तेथे उत्खनन केले. एका घराच्या जमिनीखाली मातीची डबी सापडली. त्या डबीसोबत शिर नसलेली स्त्रीमूर्ती आणि बैल होता. काडीच्या आधाराने ती मूर्ती बैलावर बसवता येई. काळ सुमारे ३३०० वर्षांपूर्वीचा. अभ्यासक तिला देवता मानतात, खेळणे नव्हे. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे : ती आकृती केवळ पाहण्यासाठी घडवलेली नव्हती, तिला हाताने उचलून बसवायचे होते.

४/
किल्ल्यावरच्या चित्रांचा संच मोठा मनोरंजक असतो. सिंहासनावर महाराज, दोन्ही बाजूंना मावळे, तोफ, तुतारीवाला. आणि खाली गवळण, शेतकरी, भाजीवाली, कुस्ती खेळणारे पैलवान. म्हणजे राज्य आणि रयत दोन्ही. पूर्वी ही चित्रे मातीची असत; आता पुष्कळशी प्लास्टर ऑफ पॅरिसची असतात. हात तुटला की घरीच काडी आणि माती लावून डागडुजी व्हायची, उडालेला रंग पुढच्या दिवाळीत पुन्हा चढायचा. अनेक मुलांच्या हाती कुंचला प्रथम आला तो याच निमित्ताने.

५/
आता युरोपकडे. १८१२ साली प्रशियाच्या राजापुढे फोन रायस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्याने एक टेबल मांडले : डोंगर, नद्या, रस्ते यांचे सुटे ठोकळे आणि त्यांवर हलवायचे सैन्य. त्याच्या मुलाने, जो स्वतः लष्करात लेफ्टनंट होता, १८२४ साली त्या खेळाचे नियम छापले. नकाशा १ : ८००० प्रमाणाचा, एक खेळी म्हणजे प्रत्यक्षातील दोन मिनिटे, जय-पराजय ठरवण्यासाठी फासे आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच. शत्रू कोठे आहे हे फक्त पंचाला ठाऊक. प्रशियाच्या अधिकाऱ्यांचे शिक्षण या खेळावर होऊ लागले.

६/
१८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने आतून पोकळ असे शिशाचे शिपाई ओतण्याची युक्ती साधली. शिसे कमी लागले, किंमत उतरली आणि शिपाई मध्यमवर्गीय घरांत पोहोचले. १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी त्यांच्यासाठी नियम लिहिले. खेळण्यातील तोफेतून लाकडी गोळी सुटायची आणि जो शिपाई आडवा पडेल तो मेला. वेल्स यांचा हेतू स्पष्ट होता : माणसाची लढाईची हौस टेबलावर भागावी, मैदानावर जाऊ नये. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. खेळाने युद्ध थांबले नाही. परंतु युद्ध म्हणजे काय हे समजून घेण्याचे एक साधन मागे राहिले.

७/
या ऐतिहासिक खेळाला अद्भुताची फांदी फुटली ती अमेरिकेत. १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी मध्ययुगीन लढायांच्या ‘चेनमेल’ या नियमपुस्तिकेला एक पुरवणी जोडली. तीत सरदार-भालाईतांच्या जोडीला उडते अजगर, जादूगार आणि राक्षस आले. त्यातूनच १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ जन्मले. इंग्लंडमध्ये १९८३ साली ‘वॉरहॅमर’ निघाला आणि बोटाच्या दोन पेरांएवढ्या शिसेमिश्रित धातूच्या राक्षसांची फौज घरोघर उभी राहिली. म्हणजे अद्भुताचा हा खेळ इतिहासाच्या अभ्यासकांनीच आपल्या टेबलावर वाढवला होता.

८/
त्या काळातील शिशाच्या मूर्ती आज जुन्या झाल्या आहेत आणि त्यांचा शोध घेणारे शौकीन जगभर आहेत. मूर्ती मिळाली की आधी अस्तराचा रंग, मग मूळ रंग, मग खोलगट घड्यांत उतरेल असा पातळ गडद रंग आणि शेवटी उंचवट्यांवर फिक्या छटेचा हलका हात. कामाला दिवस लागतात. परंतु या मंडळींचा एक अलिखित संकेत आहे : रंगवलेली मूर्ती कपाटात शोभेसाठी ठेवायची नाही, पटावर आणायची. रंगाची एखादी कपची उडाली तरी चालेल. ज्या मूर्तीने एकही लढाई पाहिली नाही, ती त्यांच्या लेखी अपुरीच.

९/
आता दोन्ही बाजूंचा हिशेब मांडावा. भूमी घडवण्यात मराठी मुले कोणाहूनही कमी नाहीत. किंबहुना जिवंत हिरवळ उगवणारी युद्धभूमी युरोपातील टेबलांवर क्वचितच असेल. मूर्ती आहेत, रंग आहे, इतिहास तर दाराशीच उभा आहे. उणीव आहे ती नियमांची. नियम नाहीत म्हणून खेळी नाही, खेळी नाही म्हणून निर्णय नाही आणि निर्णय नाही म्हणून परिणामही नाही. चित्रे पहिल्या दिवशी जेथे मांडली तेथेच शेवटच्या दिवशी असतात. ‘चित्रे’ हा शब्द नेमका आहे तो यासाठी : तो खेळ नाही, देखावा आहे.

१०/
नियम हरवले की रंगवलेल्या वस्तूचे काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सावंतवाडीचा दशावतारी गंजिफा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पाने, एकूण १२० गोल पाने. प्रत्येक पान हाताने रंगवून त्यावर लाखेचा लेप दिलेला. प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान, मग दहा पाने. अर्ध्या रंगांत दश्शी वरचढ, उरलेल्या अर्ध्यांत एक्का. दिवसा खेळ सुरू झाला तर उतारीचा मान रामाचा, रात्री कृष्णाचा. देवकथा आणि गणित यांचे इतके सुंदर मिश्रण जगातील मोजक्याच खेळांत सापडेल.

११/
ही कला मावळू लागली तेव्हा सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी, तिला राजवाड्यात आश्रय दिला आणि ती जगली. हे ऋण मोठे आहे. तथापि जगले ते चित्र. खेळ मात्र मोजक्या जाणकारांपुरता उरला. आज गंजिफाचा संच बहुधा भेटवस्तू म्हणून घेतला जातो आणि काचेआड ठेवला जातो. मत्स्याचा प्रधान कूर्माच्या पंजीला मारतो की नाही, हा प्रश्नच घेणाऱ्याच्या मनात येत नाही. दिवाळीच्या किल्ल्याची वाटचाल याच दिशेने चालली आहे.

१२/
रंगवण्याला कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. उलट, रंगवणे हा इतिहासाचा सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे, कारण कुंचला मोघम उत्तर स्वीकारत नाही. पुस्तकात ‘मावळ्यांनी हल्ला केला’ एवढे लिहिले तरी भागते. मूर्ती रंगवणाऱ्याला मात्र ठरवावे लागते : पागोटे कोणत्या रंगाचे? अंगात काय? पायांत काही होते का? हाती भाला, तलवार, धनुष्य की बंदूक? युरोपातील शौकीन एका कॉलरच्या रंगासाठी जुनी दप्तरे धुंडाळतात. येथे मात्र सगळे मावळे एकाच भगव्या पागोट्याचे, एकाच साच्यातले, एखाद्या आधुनिक पलटणीसारखे एकरंगी उभे असतात.

१३/
चित्र चुकले तर ते किती खोल रुजते, याचा दाखला इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांच्या शोधात आहे. पुस्तकांतून आणि भिंतींवरून शिवाजी महाराजांचे म्हणून मिरवणारे एक चित्र प्रत्यक्षात इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच व्यक्तीचे होते. बेंद्रे यांनी १९३३ साली डच साधनांतील अस्सल चित्र पुढे आणले. तोवर कित्येकांच्या मनातील महाराज हे भलतेच कोणी होते! पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मनुचीच्या संग्रहातील आणखी एक चित्र आहे : घोड्यावर महाराज आणि सोबत पायी चालणारे सशस्त्र शिपाई. मावळा रंगवण्यापूर्वी कॅलेंडरापेक्षा हे चित्र पाहणे अधिक बरे.

१४/
मूर्ती किती आणि कोणत्या घ्यायच्या, याचेही उत्तर साधनांत मिळते. कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरीत पायदळाची रचना आहे : दहा माणसांमागे नाईक, पन्नासांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. घोडदळात २५ घोड्यांवर हवालदार. आणि त्या पंचवीसांमागे एक पखालजी व एक नालबंद. युद्धखेळाच्या दृष्टीने ही तयार नियमावलीच आहे. एक मूर्ती म्हणजे एका नाईकाची तुकडी. पाच मूर्ती म्हणजे एक हवालदार. परंतु बाजारातल्या संचात पखालजी सहसा नसतो. घोड्याला पाणी आणि नाल लागतो, हे मुलांना मग कळावे कसे?

१५/
आता शिवनेरीकडे. जुन्नर-आंबेगावच्या मुलांचा हा आवडता नमुना. महाराजांचा जन्म तेथे १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला, तेव्हा किल्ला निजामशाहीत होता. निजामशाही बुडाली आणि १६३७ च्या सुमारास शिवनेरी मोगलांकडे गेला. त्यानंतर महाराजांच्या हयातीत तो स्वराज्यात आलाच नाही. जन्मस्थान समोर दिसावे आणि हाती लागू नये, ही त्या चरित्रातील खोल वेदना आहे. अंगणातल्या शिवनेरीवर मात्र महाराज सिंहासनाधिष्ठित असतात आणि बुरुजावर भगवा फडकत असतो. सिंहासन रायगडावर होते. भक्तीने उभारलेला हा देखावा इतिहासातील सगळी धडपडच पुसून टाकतो.

१६/
ती धडपड काय होती? १६५७ च्या एप्रिलअखेर महाराजांच्या माणसांनी रात्रीच्या अंधारात दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहराचा तट ओलांडला, पहारेकरी कापले आणि तीन लाख होन, २०० घोडे, वस्त्रे व जवाहीर घेऊन ते निघून गेले. लक्षात घ्यावे, हा छापा शहरावर होता. वरचा किल्ला तसाच राहिला. शहर एका रात्रीत लुटता येते, किल्ला नाही. हा भेद पुस्तकातील एका वाक्यात निसटतो, पटावर मात्र निसटू शकत नाही.

१७/
१६७३ साली इंग्रज कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर जुन्नरला आला आणि किल्ल्यावरही गेला. हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल इतका साठा तेथे असल्याचे तो लिहितो. अशा किल्ल्याला वेढा घालून कोण किती दिवस बसणार? म्हणून मार्ग उरला फितुरीचा. किल्लेदार अब्दुल अझीझखान याला मोठ्या रकमेचे आमिष दाखवले गेले. त्याने पैसे घेतले, दिवस ठरवला आणि बेत बहादूरखानाला कळवून टाकला. किल्ला ताब्यात घ्यायला आलेले मराठी सैन्य दबा धरून बसलेल्या मोगलांच्या तावडीत सापडले आणि नुकसान सोसून परतले.

१८/
याहून उत्तम डाव कोणता हवा? नियम अवघड नसावेत. तीन खेळाडू : एक चढाई करणारा, एक गड राखणारा, एक पंच. मोजपट्टी म्हणजे वीत : पायदळ एका खेळीत एक वीत, घोडदळ दोन, कड्यावर चढताना चार बोटे. फाशांऐवजी चार फोडलेले चिंचोके. चारही पांढरे पडले तर शिडी आवाज न होता लागली. चारही काळे पडले तर पहारा जागा झाला. दोन्ही गोष्टी साधारण सोळांत एकदा घडतात. साहस म्हणजे काय, हे त्या सोळांतल्या एका संधीवर हात टाकताना उमगते.

१९/
फितुरीचा नियम पंचाकडे. डाव सुरू होण्यापूर्वी तो दोन चिठ्ठ्यांपैकी एक उचलून खिशात ठेवतो : ‘किल्लेदार खरा’ किंवा ‘किल्लेदार खोटा’. चढाई करणाऱ्याने त्याला किती होन द्यायचे ते स्वतः ठरवावे. दिलेले होन परत मिळत नाहीत. चिठ्ठी उघडते ती सैन्य दरवाजाशी पोहोचल्यावरच. शिवनेरीला सात दरवाजे आहेत. राखणाऱ्याने कोणत्या दरवाजाशी किती माणसे ठेवली, हेही पंचाशिवाय कोणाला माहीत नसावे. रायस्वित्झच्या पंचाचे काम हेच होते. असा डाव एकदा हरलेला मुलगा अझीझखानाचे नाव जन्मात विसरणार नाही.

२०/
किल्ला राखणाऱ्याचे शास्त्रही मराठीत लिहिलेले आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण प्रत्येक किल्ला बांधणाऱ्या मुलाने मोठ्यांकडून समजून घ्यावे. आधी पाणी पाहावे, मग किल्ला बांधावा. एकाच दरवाजावर विसंबू नये, चोरदिंड्या ठेवाव्या. दारूखाना वस्तीपासून दूर असावा. यांतील प्रत्येक सूचना खेळाचा नियम होऊ शकते. टाके कोरडे ठेवले तर दर तिसऱ्या खेळीला एक मूर्ती उचलावी. दारूखाना तटाजवळ केला आणि तोफेचा मारा लागला तर बुरूज गेला. मग आरशाचे तळे शोभेचे उरणार नाही.

२१/
प्रमाणाचा प्रश्न निघेलच. चार इंची मावळा साडेपाच फुटी माणूस मानला, तर अंगणातला तीन फुटी किल्ला प्रत्यक्षात जेमतेम ५० फूट उंच ठरतो. शिवनेरी जुन्नरच्या सपाटीपासून सुमारे १००० फूट उठला आहे. त्या मापाने अंगणात ६० फुटांचा ढीग लागेल. इंचभर उंचीच्या मूर्ती घेतल्या तरी १५ फूट हवेत. युरोपातील टेबलांवरही हीच तडजोड असते. उपाय एवढाच : उंची डोळ्यांनी नव्हे, नियमांनी दाखवावी. कडा चढायला किती खेळ्या लागतात, त्यावर त्याची उंची ठरेल.

२२/
सर्वांत गंभीर आक्षेप श्रद्धेचा आहे. महाराजांचा किल्ला खेळात पडला तर तो अवमान नव्हे काय? आणि मोगल कोणी व्हायचे? हा संकोच समजण्याजोगा आहे, त्याची टिंगल करू नये. महाराजांची मूर्ती पटावरची सोंगटी करूच नये. ती आहे तेथे मानाने असावी. खेळाडूने नाईक व्हावे, हवालदार व्हावे. परंतु पराभवाची शक्यता काढून टाकणे हा आदर नव्हे. १६६५ च्या पुरंदर तहात महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले, १२ उरले. ज्याला हे २३ किल्ले जाताना पाहवत नाहीत, त्याला १६७० ची फेरझुंज काय कळणार? हरणे अशक्य असेल तर जिंकण्यात पराक्रम कसला?

२३/
दुसरा आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकांचा : खेळ आला की कल्पित येणार आणि इतिहासात राक्षस घुसणार. खरे पाहता कल्पित तर केव्हाच आत आले आहे. अंगणातल्या किल्ल्याच्या गुहेत प्लास्टिकचा वाघ असतो, पायथ्याशी मोटार असते. त्याने काही बिघडत नाही, कारण ते कल्पित आहे हे सर्वांना ठाऊक असते. धोका आहे तो इतिहासाचा वेष घेतलेल्या अद्भुताचा. कोंढाण्याच्या कड्यावर चढलेली घोरपड घ्या. सभासदाच्या बखरीत तानाजीचे मावळे कडा चढून जातात, तेथे घोरपड नाही. ती लोककथेतून आली.

२४/
अद्भुताचा जुना खेळाडू येथे उपयोगी शिकवण देतो. १९७१ च्या त्या पुस्तिकेत मध्ययुगीन लढाईचे नियम वेगळे होते आणि अजगरांची पुरवणी वेगळी. कोंढाण्याचा डावही असा दोन रीतींनी खेळावा. एकदा घोरपडीसह : तिची छान मूर्ती करावी, हिरवा-करडा रंग द्यावा, तिला कडा चढण्याचे बळ द्यावे, लोककथेचा मनमुराद आनंद घ्यावा. एकदा घोरपडीविना, साधनांत जेवढे आहे तेवढ्यावर. दोन्ही डाव खेळलेल्या मुलाला इतिहास आणि आख्यायिका यांतील अंतर व्याख्यानाशिवाय समजेल, आणि दोहोंपैकी एकाचाही तिरस्कार करावासा वाटणार नाही.

२५/
जुन्या चित्रांविषयी एक विनंती. माळ्यावरच्या टोपलीत आजोबांच्या वेळचा मातीचा मावळा असेल, तर त्याला नवा चकचकीत रंग देण्याची घाई करू नये. जुन्या शिशाच्या मूर्तींचे जाणकारही मूळ रंग खरवडावा की राखावा यावर बराच वाद घालतात, आणि तो वाद निरर्थक नाही. तो जुना रंग म्हणजे त्या पिढीने मावळा कसा कल्पिला होता, याचा पुरावा आहे. कच्ची माती पाण्याने धुऊ नये. मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, तळाशी गाव आणि साल लिहून ठेवावे. खेळण्यासाठी नवी मूर्ती करावी. दरवर्षीच्या नव्या संचातली एक मूर्ती अशीच नोंद करून राखली, तर पन्नास वर्षांनी गावाकडे स्वतःचा संग्रह असेल.

२६/
किल्ले बांधणी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनाही थोडे करता येईल. हुबेहूबपणा, स्वच्छता आणि माहितीफलक यांना गुण जरूर असावेत. त्यांच्या जोडीला एक प्रश्न असावा : हा किल्ला घ्यायचा तर कोठून घ्याल, आणि राखायचा तर कसा राखाल? स्पर्धकाने परीक्षकापुढे एक डाव खेळून दाखवावा. महागडी तयार तटबंदी आणणाऱ्या मुलापेक्षा, गोणपाट आणि चिखलाच्या किल्ल्यात पाण्याचे टाके योग्य जागी ठेवणारी मुलगी मग पुढे जाईल. आज या स्पर्धांत पालकांच्या खिशाचा प्रभाव वाढतो आहे. त्यावर याहून सोपा उतारा नाही.

२७/
जुन्नर-आंबेगावच्या मुलांना शिवनेरी वारशाने मिळाला आहे, परंतु वारसा नुसता मांडून ठेवला की त्याची सवय होते आणि सवयीच्या वस्तूला कोणी प्रश्न विचारत नाही. डाव मांडला की प्रश्न सुरू होतात : या दरवाजाशी माणसे कमी का, हे टाके आटले तर काय, किल्लेदाराचा भरवसा धरावा का. सतराव्या शतकातील माणसे याच प्रश्नांशी झुंजत होती आणि उद्याचे उत्तर त्यांनाही माहीत नव्हते. येत्या दिवाळीत चित्रे आणताना दोन पखालजी मागावेत, चार चिंचोके फोडून ठेवावेत आणि शेजारच्या अंगणात निरोप धाडावा : गड राखायला कोण येतो?